चौदा नंबरच्या खांबाखालचा मांडव

मंगळवार, २७ ऑगस्ट

आज कर्टिस आला आणि गॅरेजमधली माझी सगळी खोकी अंगणात काढून ठेवली. फेकायला!

"आई, यंदा तू आराम कर," म्हणाला. "मॅचच्या दिवसाचं सगळं केंड्रा बघणार आहे. तिच्या डोक्यात एक छान कल्पना आहे."

आराम! सून बघणार आणि मी बसणार! बाई विधवा झाली की तिला एकदम विश्रांतीची गरज कशी लागते कोण जाणे. मार्चमध्ये एमिल गेला. त्याला पुरलं, त्याचे बूट चर्चमध्ये देऊन टाकले, आता माझी खोकी. म्हणजे घर रिकामं.

त्या खोक्यांत काय आहे ते पोराने उघडूनसुद्धा पाहिलं नाही. नारिंगी दिव्यांच्या माळा. काळ्या कापडाची तोरणं. दरवर्षी मी हाताने कापते त्या कागदी ज्वाळा. पुठ्ठ्याचे हातोडे, चांदीचा कागद लावलेले. मेजावरचं काळं कापड, त्याच्या काठाला मीच टाके घालून भरलेले निखारे. आणि सगळ्यांत खाली सासऱ्यांचा भट्टीवरचा चामड्याचा ऍप्रन. तो काठीवर चढवला की आमचा झेंडा होतो. मॅचच्या सकाळी स्टेडियमबाहेर, पार्किंगच्या त्या अफाट मैदानात हजारो गाड्या लागतात, प्रत्येकीचं मागचं दार उघडं, प्रत्येकीपुढे मांडव, धूर, आरडाओरडा. पण "तो ऍप्रन दिसतोय ना, तिथे या" म्हटलं की माणूस बरोबर चौदा नंबरच्या दिव्याच्या खांबाखाली येतो. तीस-एकतीस वर्षं येतोय.

खोकी परत आत नेली. एकटीने. पाठ मोडली.

शनिवार, ७ सप्टेंबर

फुटबॉलची पहिली मॅच. आमचे हॅमर्स जिंकले. बाकी सगळं हरलं.

केंड्राची छान कल्पना म्हणजे फुग्यांची कमान! काळे, नारिंगी आणि मध्येमध्ये सोनेरी. सोनेरी का? "चमक येते, व्हर्ना." ती मला नावानेच हाक मारते. सासू म्हणत नाही, आई म्हणत नाही, नुसतं व्हर्ना आणि वर "तुम्ही". दुकानात सामान बांधून देणाऱ्या मुलीसारखं.

खायला कागदी द्रोणांत हिरवा पाला. वर बिया. स्टॅनने, म्हणजे माझ्या दिराने, एक द्रोण उचलला, वास घेतला आणि मला हळूच विचारलं, "वहिनी, हे घोड्याला द्यायचं का?" मी बटाटा भरून उकडलेल्या कणकेच्या पिरोगी करून नेल्या होत्या. केंड्राने डबा मेजाखाली ठेवला. "रंगसंगतीत बसत नाही" म्हणे. पिरोगीला कसली रंगसंगती! बॅंड यायच्या आत स्टॅनने मेजाखाली वाकून वाकून डबा संपवला.

ऐरण मात्र जागेवर होती. तिला हात लावायची अजून कोणाची छाती झालेली नाही. बॅंड मैदानातून जाताना प्रत्येक मांडवातल्या वडीलधाऱ्याने लोखंडावर तीन घाव घालायचे, ही आमची रीत. कोणी तव्यावर मारतं, कोणी रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर. आमची खरी ऐरण आहे, बंद पडलेल्या कारखान्यातली. एमिल मारायचा तेव्हा बॅंडवाले मागे वळून बघायचे. आज स्टॅनने मारले. त्याचा खांदा दुखतो. टुक टुक टुक. सुतारपक्ष्याने लाजावं!

मग सगळे आत गेले आणि मी बाहेर राहिले. त्यात नवीन काही नाही.

आत मी कधीच गेले नाही. लोकांना खरं वाटणार नाही, पण इतकी वर्षं गेटच्या बाहेर बसून मी मॅच नुसती ऐकली. गर्दीच्या आवाजावरून मला गुण कळतात. आपले पुढे गेले की आवाज फुटतो, ते पुढे गेले की बसतो.

एमिलने एकदा विचारलं होतं. एकदाच. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. टोपी डोक्यावर, तोंड गेटकडे, पाय अर्धे निघालेले. "येतेस का?"

"आणि सॉसेजकडे कोण बघणार?" मी म्हटलं.

मला काय हवं होतं? त्याने म्हणायला हवं होतं, जळू देत ती सॉसेज, चल! तो म्हणाला, "बरं." आणि गेला. पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी मला वाटलं विचारेल, म्हणून नवा कोट घातला. मग तोच कोट घालून सॉसेज भाजली.

रविवार, ८ सप्टेंबर

रात्री वाऱ्याने फुग्यांची कमान फुटली म्हणे. पार्किंगभर रबराचे तुकडे. देव आहे!

शनिवार, २८ सप्टेंबर

गेले नाही. अंग दुखतं असं कळवलं. खरं तर कोणाला माझी आठवण येते का ते बघायचं होतं.

संध्याकाळी डॉटी आली. तेरा नंबरच्या खांबाची डॉटी, शेजारचा मांडव. ताटलीत कोबी-शेवया आणि कापलेलं सॉसेज, वर फडकं. "तुझ्याशिवाय ओकंओकं वाटतं गं," म्हणाली. आणि रडली!

ही बाई रडते फार. एमिलच्या अंत्यविधीला माझ्यापेक्षा जास्त रडली. मी कोरडी उभी आणि हिच्या ओठांचा लाल रंग हनुवटीपर्यंत आलेला. लोक हिलाच मिठ्या मारत होते. नवरा सोडून गेल्यापासून हिला दुसऱ्यांच्या घरचं दुःख पुरतं.

कर्टिसचा फोन नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

हरले. पाऊस. गेले होते, बसून राहिले.

ऍप्रन उतरवला! मी पोचले तर काठीवर नवा झेंडा, छापील, चकचकीत. ऍप्रन गाडीच्या मागे, ओल्या छत्र्यांखाली.

"आई, त्याला वास येतो," कर्टिस म्हणाला.

"येणारच. तुझे आजोबा त्यात अख्खं आयुष्य घामाने भिजले."

"तेच म्हणतोय मी."

केंड्रा म्हणाली, "घरी जपून ठेवा ना व्हर्ना. फ्रेम करून देऊ का?" फ्रेम! आधी माणूस मेला, मग त्याचा झेंडा मेला, आता भिंतीवर लावा आणि मोकळे व्हा. ऍप्रन घरी आणला. शेगडीजवळ वाळत घातलाय. सगळ्या घराला धुराचा वास सुटला आहे. बरं वाटतं.

शनिवार, २ नोव्हेंबर

आमच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला, निळ्यांच्या, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांच्या विरुद्ध, आमच्या मांडवात "एमिलची आठवण" होणार आहे. सगळं ठरलं आहे. कोणी ठरवलं? कर्टिस आणि केंड्राने, गाडीत बसून. केंड्रा त्याचा मोठा फोटो छापून आणणार, स्टॅन ऐरणीवर घाव घालणार, कर्टिस दोन शब्द बोलणार.

"आणि मी?"

"तू समोरच्या खुर्चीत," कर्टिस म्हणाला. "अगदी पुढे. तुला काहीही करायचं नाही."

काहीही करायचं नाही! एमिल जिवंत असताना चार माणसांत मला कधी पुढे बसवलं नाही, आता प्रदर्शनाला मांडणार.

निळ्यांची मॅच म्हणजे काय ते केंड्राला कोणी सांगितलं आहे की नाही कोण जाणे. ती लांब पश्चिमेकडची, आणि गेली तीन वर्षं नोव्हेंबरातल्या सणाच्या आठवड्यात माहेरी जायची. त्या दिवशी आमच्याकडे निळी वस्तू दिसता कामा नये. निळा बर्फाचा डबा असला तर त्यावर घोंगडी. जीन्ससुद्धा नाही! एका वर्षी स्टॅन जीन्स घालून आला, तर एमिलने भर मैदानात त्याला उभा करून बुटाचं काळं पॉलिश फासलं होतं, घोट्यापासून कंबरेपर्यंत. स्टॅन अजून सांगतो, "वहिनी, ते पॉलिश माझ्या कातडीवरून नाताळात गेलं."

एमिल हसत नव्हता तेव्हा. त्याला ते खरंच लागायचं. निळ्या रंगावर त्याचं जेवढं लक्ष असायचं त्याच्या अर्धं माझ्या कोटावर असतं तर!

बुधवार, २० नोव्हेंबर

रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहिते.

दुपारी कर्टिसचा फोन. सहज बोलावं तसं म्हणाला, "आई, बाबांच्या दोन्ही जागांवर शनिवारी कोणी नाही. यंदा ऑफिसातल्या लोकांना देत होतो ना, ते नाही येत. तुला आत जायचंय का? एखादी मैत्रीण घेऊन जा."

"दोन्ही?" मी म्हटलं.

"दोनच आहेत ना. नेहमीच दोन होत्या. सातवी रांग. तुला माहीत नाही?"

नाही. मला माहीत नाही. एमिल गेटमधून एकटा आत जायचा, एकटा बाहेर यायचा. मला वाटायचं एक जागा आहे. कोणी सांगितलं नव्हतं एक म्हणून, पण दोन म्हणूनही कोणी सांगितलं नव्हतं!

"दुसरीवर कोण बसायचं? तू?"

"मी तर लहानपणापासून स्टॅनकाकाबरोबर वर बसायचो. एकदा हट्ट केला होता बाबांकडे, मला तुमच्या शेजारी बसू द्या म्हणून. ते म्हणाले, ती जागा भरलेली आहे."

भरलेली आहे.

मी म्हटलं, दोन्ही तिकिटं माझ्या फोनवर पाठव. पाठवली. बघत बसले आहे. सातवी रांग. दोन चौकोन, शेजारी शेजारी.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

झोप नाही.

आता सगळं आठवतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर कबरीत आणि चांदणं माझ्या डोळ्यांत.

मॅचच्या सकाळी दाढी. कामावर जाताना दोन दोन दिवस खुंट वाढलेले असायचे, पण मॅचला जाताना गुळगुळीत, वर वासाचं पाणी. कोणासाठी? हजारो पुरुष बीअर पिऊन ओरडणार, त्यांच्यासाठी?

आणि तो थर्मास! मोठा, हिरवा. त्याला दोन कप. मीच कॉफी भरून द्यायचे, मीच दोन्ही कप धुवायचे. दोन्ही कप वापरलेले असायचे. इतकी वर्षं मी त्या दुसऱ्या कपाचे डाग घासले आणि एकदाही विचारलं नाही, हा कोणी उष्टावला? बावळट, बावळट बाई!

डॉटी. दुसरं कोण? बॅंड गेला की पहिली उठायची ती. "चला, मी निघते आत!" म्हणत, ओठ रंगवत. एमिल पाच मिनिटांनी निघायचा. आणि मी पाय दुमडून त्यांच्या दोघांच्या मांडवांवर लक्ष ठेवायचे. तिची सॉसेजसुद्धा उलटायचे मी! बाहेर मी ज्वाळा कापतेय, दिवे लावतेय, लोक म्हणताहेत "वा व्हर्ना, सगळ्या मैदानात तुमचा मांडव एक नंबर", आणि आत ती माझ्या नवऱ्याशेजारी बसून माझ्या हातची कॉफी पितेय.

कोणासाठी सजवत होते मी? तेवढंच मला कळायला हवं. शनिवारी आत जाणार. त्या रांगेत वर्षानुवर्षं तीच माणसं बसतात. कोणीतरी सांगेलच.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

केंड्राकडे गेले. उद्याच्या पिरोगी ठेवायला तिच्याकडे मोठा फ्रीज आहे. कर्टिस कामावर.

दिवाणखान्यात एमिल. गाडीएवढ्या लांबीच्या कापडावर छापलेला, हसरा, टोपी घातलेला. आणि मागे निळं. स्वच्छ, फिकट, शत्रूचं निळं! या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या टोप्यांचा असतो अगदी तोच निळा.

"आभाळ आहे," केंड्रा म्हणाली. "ते वरून बघताहेत असं वाटतं ना? कर्टिसला उद्याच दाखवणार आहे. आवडलं का तुम्हाला?"

एक वाक्य पुरलं असतं. दुकान संध्याकाळपर्यंत उघडं होतं. दुसरं छापून मिळालं असतं.

मी त्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हस. उद्या निळ्यात लटक सगळ्या मैदानासमोर. दोन कप नेत होतास ना? भोग.

"छान आहे," म्हटलं. मूग गिळले आणि घरी आले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

मैदानातूनच लिहिते आहे. गाडीत, काच वर. बोटं गारठली आहेत.

सकाळी आठला पोचलो. धुकं, सगळीकडे शेगड्यांचा धूर. केंड्राने नव्या फुग्यांची कमान उभी केली, कर्टिसने काठ्या ठोकल्या, आणि दोघांनी मिळून एमिलचं गुंडाळलेलं कापड वर बांधलं. केंड्राने दोरी ओढली आणि ते उलगडलं. मी पुढच्या खुर्चीत, मांडीवर हात. ठरल्याप्रमाणे. काहीही न करता.

आधी मागच्या ओळीतून कोणीतरी शीळ घातली. मग एक जण ओरडला, "अरे, म्हातारा निळ्यांना जाऊन मिळाला!" हशा. अकरा नंबरच्या पोरांनी हुर्यो केली, एकाने पाव फेकून मारला. तो एमिलच्या कानाला लागला, म्हणजे कापडावरच्या. आणि मग ती ओरड पसरत गेली, इकडून तिकडे, पार्किंगभर. बूऽऽ! मला वाटलं होतं मला मजा वाटेल. क्षणभर वाटलीही. मग दिसलं, पाव त्याच्या तोंडावरून घसरतोय आणि मोहरीच्या सॉसचा ओघळ उतरतोय.

केंड्रा हसतच होती, तिला वाटलं हे कौतुक आहे. कर्टिसने मान वर केली आणि पांढरा पडला. "हे निळं आहे," म्हणाला. "केंड्रा, हे निळं आहे!"

"आभाळ आहे ते."

"आज निळं चालत नाही! आजच्या दिवशी— आई! तू काल गेली होतीस ना घरी? पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारतं? मला आराम करायचाय ना?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, लहानपणी मी त्याला कानफटात मारली होती तेव्हा पाहिलं होतं तसं.

केंड्रा रडायला लागली. बर्फाच्या डब्यावर बसली आणि ओक्साबोक्शी. "मला कळणार कसं? तुमच्यात कोणी कोणाला काही सांगतच नाही! सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत असतं. मी विचारलं आवडलं का, तर तुम्ही छान म्हणालात. मग मी काय करायचं?"

मी खुर्चीतून उठले.

तेवढ्यात डॉटी धावत आली. अंगातला काळा कोट काढून, खुर्चीवर चढून, तो एमिलच्या चेहऱ्यावर पांघरायला लागली. रडत! माझ्या नवऱ्याच्या तोंडावर पांघरूण घालायला ही कोण?

"उतर खाली," मी म्हटलं.

"अगं, बघवत नाही—"

"उतर! आत शेजारी बसायचीस तेवढं पुरे झालं. कॉफी प्यायलीस तेवढी पुरे झाली."

ती खरंच उतरली. तोंड उघडं. "मी? एमिलच्या शेजारी? व्हर्ना, डोकं फिरलंय का तुझं? मी उत्तरेच्या टोकाला बसते, माझ्या भावाजवळ, बावीस की तेवीस वर्षं झाली. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मग दुसऱ्या जागेवर कोण बसायचं?"

"कुठली दुसरी जागा?" मग हळू आवाजात म्हणाली, "हे त्यालाच विचारायचं होतंस गं."

खरं बोलत होती. तिला खोटं बोलता येत नाही, रंग उतरतो तिचा. म्हणजे डॉटी नाही. म्हणजे अशी कोणीतरी, जिचं मला नावसुद्धा माहीत नाही.

सगळे माझ्याकडे बघत उभे. वर निळं फडफडतंय. आणि माझ्या पर्समध्ये कात्री, ती नेहमीच असते. मी केंड्राला म्हटलं, "ऊठ. रडणं नंतर. माझ्या गाडीच्या मागे खोकी आहेत, आण." खोकी मी घेऊन आलेच होते. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.

मेजावरचं काळं कापड घेतलं, निखाऱ्यांच्या काठाचं. मधोमध गोल कापला, एमिलच्या तोंडाएवढा. माझे टाके, माझी कात्री. केंड्राने एक टोक धरलं, मी दुसरं. निळं झाकलं, आतून फक्त त्याचा चेहरा. भोवती कागदी ज्वाळा. केंड्रा चिकटपट्टी तोडून देत होती, मी लावत होते. "ही जरा तिरकी लाव," मी म्हटलं, "ज्वाळा सरळ उभी नसते." तिने तिरकी लावली. हात बरा आहे पोरीचा. मग तिनेच जाऊन छापील झेंडा उतरवला आणि ऍप्रन चढवला. नाक मुरडलं नाही.

हे प्रेमाने केलं असं कोणी समजू नये. निळं बघवत नव्हतं म्हणून केलं.

बॅंड आला. स्टॅनने हातोडा माझ्यापुढे धरला. "वहिनी, तूच मार."

"आता आठवली वहिनी?"

"माझा खांदा दुखतो."

मारले. पहिला घाव त्या दुसऱ्या खुर्चीच्या नावाने. दुसराही तिच्याच. तिसरा कोणाचा ते माहीत नाही, पण बॅंडवाले मागे वळून बघत होते. अकरा नंबरच्या पोरांनी टोप्या काढल्या. मांडव फार सुंदर दिसत होता, हे लिहायला हवं. इतका कधीच दिसला नव्हता.

आता आत जाते. कोण होती ती, एवढंच विचारणार आणि परत येणार. सॉसेज केंड्राकडे दिली आहेत. म्हणाली, "जळली तर?"

"जळू देत," म्हटलं.

रविवार, २४ नोव्हेंबर

सातव्या रांगेत जाऊन बसले. दुसरी खुर्ची रिकामी. तिच्या पलीकडे एक म्हातारा, मांडीवर घोंगडी. तो माझ्या बाहीला चिकटलेल्या कागदी ज्वाळेकडे बघत होता. मग म्हणाला, "तुम्ही व्हर्ना."

मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

"ही तुमचीच जागा ना! कोणाला बसू द्यायचा नाही तो. मी विचारलं की म्हणायचा, येतेच आहे, बाहेरची सजावट उरकली की येतेच. दर मॅचला. तुमची कॉफी ओतून इथे ठेवायचा. खेळ संपत आला की मला द्यायचा, पार थंड झालेली." आणि हसला. "मग? झाली का एकदाची सजावट?"

मेल्या एमिल! गेट समोर होतं. चार पावलं बाहेर यायचंस आणि मला सांगायचंस!

"झाली," म्हटलं.